एका सतरा अंकी संख्येची कुळकथा

श्रोतेहो, आज तुमची एका संख्येशी ओळख करून द्यायची आहे. ती चांगली सतरा अंकी आहे, पण पाठ करायला पहिलीतल्या मुलालाही जड जाऊ नये. एकापासून नऊपर्यंत चढत जायचे आणि मग आठापासून एकापर्यंत उतरत यायचे.

१२३४५६७८९८७६५४३२१

रेडिओवर ती दोनदा वाचून दाखवावी लागली. छापील पानावर नुसती पाहिली तरी पुरे. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. 'रामाला भाला मारा' किंवा 'ती होडी जाडी होती' ही वाक्ये जशी दोन्हीकडून सारखी वाचता येतात, तशी. कवीला अशा गोष्टींचे आकर्षण असतेच. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. शाळा सुटल्यावर गणिताशी माझा संबंध उरला तो किराणा दुकानातली उधारी आणि उसाच्या काट्यावरची पावती एवढाच. त्यामुळे आज जे सांगणार आहे त्याला कागद, पेन्सिल आणि शाळेतल्या बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकारापलीकडे काही लागणार नाही.

आधी ही संख्या किती मोठी, ते पाहू. आपल्या रोजच्या पद्धतीने वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चौपन्न हजार तीनशे एकवीस. वाचताना 'कोटी' दोनदा म्हणावे लागते, कारण बोलीत आपली धाव तेवढीच. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती' लिहिली, तिच्यात अठरा स्थानांची नावे आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटि, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अन्त्य, मध्य आणि परार्ध. आपल्या संख्येचा पहिला एक सतराव्या स्थानी, म्हणजे 'मध्य' या स्थानी उभा आहे. गंमत अशी की 'मध्य' नावाचे स्थान सुरुवातीला आले आणि खरा मधला अंक, तो शिखरावरचा नऊ, 'अर्बुद' स्थानी बसला.

दर सेकंदाला एक या वेगाने, न थांबता मोजत बसलो, तर या संख्येपर्यंत पोचायला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. डायनोसॉर नाहीसे झाले त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली, यावरून अंदाज करा.

पण एवढ्याने ओळख झाली का? आमचे लासुर्णे हे बारामती-इंदापूर रस्त्यावरचे गाव. नीरा डाव्या कालव्याचा हा मुलूख, बाजूला ऊस. गावात नवखा माणूस आला तर त्याची उंची-जाडी पाहून कुणी ओळख झाली म्हणत नाही. कुठले, कुणाचे, कुणाकडे आलात, हे विचारतात. संख्येलाही तेच विचारायचे.

कुठली? तर ही नऊ एकांच्या संख्येची वर्गसंख्या आहे. १११११११११ ला १११११११११ नेच गुणायचे. शाळेत शिकवतात तसा उभा गुणाकार मांडा. गुणणारा प्रत्येक अंक एकच, म्हणून प्रत्येक ओळीत पुन्हा तेच नऊ एक येतील. फक्त दर ओळ एक घर डावीकडे सरकलेली. नऊ सऱ्या पाडाव्यात आणि प्रत्येक सरीत ऊस आधीच्या सरीपेक्षा एक पाऊल पुढून लावावा, तसे चित्र दिसते. आता उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १ आहे. दुसऱ्या घरात दोन, तिसऱ्यात तीन, असे करत नवव्या घरात नऊ. त्यानंतर सऱ्या उजवीकडून संपत जातात, म्हणून आठ, सात, सहा असे कमी होत शेवटी पुन्हा एक. डोंगर तयार झाला.

याच रांगेतल्या लहान संख्या आपल्या ओळखीच्या आहेत. ११ गुणिले ११ म्हणजे १२१. जुन्या लोकांच्या अकरकीची सुरुवातच तिथून. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. अशा टेकड्या वाढत वाढत नऊ एकांपाशी आपला डोंगर येतो. पुढे काय? दहा एकांचा वर्ग केला तर मधल्या घरात दहा येतात, आणि दहा एका घरात मावत नाहीत. हातचा घ्यावा लागतो. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. आठ गायब, मध्ये दोन शून्ये, डोंगर कोसळला. म्हणजे ज्या दशमान पद्धतीत आपण लिहितो, तिच्यात असा अखंड डोंगर नवापर्यंतच चढतो. आपली सतरा अंकी संख्या हा या रांगेतला शेवटचा आणि सर्वांत उंच.

या रांगेला नाव आहे आणि ते आपल्याच मुलखातले आहे. या संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. डेम्लो हे मुंबईपासून तीस मैलांवरचे, जी.आय.पी. रेल्वेवरचे स्टेशन, आजचे डोंबिवली. तिथे या संख्यांचा विचार ज्यांच्या मनात आला, त्यांनी स्टेशनचेच नाव संख्यांना दिले. ते गृहस्थ म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आई ते आठ वर्षांचे असताना गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्या आकडेमोडीतून मुलाला हिशेबाची गोडी लागली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्यात फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये पदवी. पुढचे शिक्षण नाही, विद्यापीठात नोकरी नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते.

त्यांची जगाला ठाऊक असलेली संख्या ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेले वजा करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच, आणि मग तिथून हलत नाही. त्यांच्या जन्मसालापासूनच सुरुवात करू. १९०५ चे ९५१० वजा ०१५९, बरोबर ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीवर ६१७४. जन्मसालाने त्यांना सगळ्यांत लांबच्या वाटेने नेले, असे म्हणू. हा शोध १९४६ चा. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला.

आता आपल्या डोंगराकडे परत येऊ आणि कापरेकरांच्याच मापांनी तो मोजू. पहिले माप 'हर्षद'. ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. १२ मध्ये १ आणि २ मिळून ३, आणि ३ ने १२ ला भाग जातो, १२ हर्षद. १३ नाही. त्यांची ६१७४ पाहा: अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागले की ३४३ येतात, म्हणजे साताचा घन. तीही हर्षद निघाली.

आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज किती? बेरीज करायचीही गरज नाही. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि हातचा कुठे गेलाच नाही. म्हणजे जेवढे एक मांडले होते तेवढेच बेरजेत असणार. नऊ नवे एक्याऐंशी. आता ८१ ने भाग जातो का? नऊ एकांच्या संख्येला ९ ने भाग जातो आणि उत्तर येते १२३४५६७९. नीट पाहा, यात आठ नाही. वर्गाला म्हणून नऊ नवे ८१ ने भाग जाणारच, आणि उत्तर येणार १२३४५६७९ चा वर्ग. झाली हर्षद. पण या रांगेतल्या साऱ्याच टेकड्या अशा नाहीत. १२१ च्या अंकांची बेरीज चार, आणि चाराने १२१ ला भाग जात नाही. नऊ जणींत नुसती १, मग १२३२१ आणि आपली सतरा अंकी, एवढ्या तिघीच हर्षद आहेत.

तिचे अवयवही पाडून ठेवू. १२३४५६७९ म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७, आणि या दोन्ही मूळ संख्या. त्यामुळे आपली संख्या म्हणजे चार वेळा ३, दोन वेळा ३७ आणि दोन वेळा ३३३६६७ यांचा गुणाकार. बरोबर ४५ संख्यांनी तिला पूर्ण भाग जातो, एकही कमी नाही की जास्त नाही. ज्या संख्येपर्यंत मोजत जायला ३९ कोटी वर्षे लागतील, तिचा भाजकांचा सगळा गोतावळा पोस्टकार्डावर लिहिता येतो.

आता दुसरा प्रश्न: कुणाची? इथे कापरेकरांचे दुसरे माप लागते. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये २ आणि १ मिळवले की २४. म्हणजे २१ ने २४ ला जन्म दिला. २१ ही आई, २४ ही लेक. काहींना दोन आया असतात: १०१ ही ९१ पासूनही येते आणि १०० पासूनही. आणि काहींना आईच नसते. वीस घ्या. कोणत्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून वीस येत नाहीत. अशा स्वयंभू संख्या एकापासून शंभरापर्यंत तेरा आहेत: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७. कापरेकरांनी १९४९ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि आपल्या गावावरून त्या 'देवळाली संख्या' म्हणूनही ओळखल्या जातात.

आपल्या डोंगराला आई आहे का? शोध फार लांबचा वाटतो, पण नाही. आई म्हणजे आपल्या संख्येतून अंकांची काही एक बेरीज वजा केल्यावर उरणारी संख्या. सतरा अंकांची बेरीज फार तर १५३, आणि आपल्या संख्येचे शेवटचे तीन अंक ३२१. म्हणजे वजाबाकी त्या तीन अंकांतच उरकते; आधीचे चौदा अंक जागचे हलत नाहीत. त्या चौदांची बेरीज ७५. शेवटच्या तीन अंकांची बेरीज शून्यापासून सत्तावीसपर्यंत काहीही. म्हणून आईच्या अंकांची बेरीज ७५ ते १०२ च्या आतच हवी. त्यात नवाची जुनी कसोटी लावा: संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना नवाने भागले की बाकी सारखीच उरते. आईत तिच्या अंकांची बेरीज मिळवून नवाने भाग जाणारी लेक हवी, म्हणजे बाकीची दुप्पट नवाच्या पाढ्यात हवी, आणि ते बाकी शून्य असेल तरच जमते. तर ७५ ते १०२ मधले नवाच्या पाढ्यातले आकडे तीनच: ८१, ९० आणि ९९.

एकेक पाहू. ३२१ मधून ८१ गेले, २४० उरले. २, ४ आणि ० मिळून सहा, पंचाहत्तर आणि सहा ८१. जुळले! ९० वजा करून २३१ उरतात, एकूण बेरीज येते ८१, हवी होती ९०. ९९ वजा करून २२२ उरतात, पुन्हा ८१. दोन्ही बाद. म्हणजे आपल्या संख्येला आई आहे, आणि एकच आहे: १२३४५६७८९८७६५४२४०.

आणि या आईची आई? तीच रीत लावा. चौदा अंक तेच, त्यांची बेरीज ७५, शेवटचे तीन अंक २४०, उमेदवार तेच तीन. २४० मधून ८१ गेले, १५९ उरले. बेरीज ९०, हवी ८१. नाही. ९० गेले, १५० उरले. बेरीज ८१, हवी ९०. नाही. ९९ गेले, १४१ उरले; बेरीज ८१, हवी ९९. नाही. संपले. या संख्येला आई नाही. ती स्वयंभू आहे, देवळाली संख्या आहे.

श्रोतेहो, म्हणजे काय झाले? डोंबिवलीचे नाव लावणारी आपली डेम्लो संख्या ही एका देवळाली संख्येची लेक निघाली. एका माणसाने वेगवेगळ्या कारणांनी या संख्यांचे दोन प्रकार पाहिले. एकाला स्टेशनचे नाव मिळाले, दुसऱ्याला राहत्या गावाचे. आणि दोहोंची सोयरीक अशी थेट मायलेकींची जुळली. आईही हर्षद आहे, कारण तिच्याही अंकांची बेरीज ८१ आणि तिलाही ८१ ने भाग जातो. उत्तर येते १२३४५६७८ गुणिले १२३४५६८०. लेकीच्या पोटात १२३४५६७९ चा वर्ग, आणि आईच्या पोटात त्या संख्येच्या मागच्या-पुढच्या शेजारणींचा गुणाकार. लेकीची लेक पाहिली तर तिचा शेवट ४०२, तिच्याही अंकांची बेरीज ८१ आणि तीही हर्षद. तीन पिढ्या ओळीने आनंदाच्या.

हे सगळे तीन अंकांच्या वजाबाकीत निघाले. हातात यंत्र नव्हते, आणि नव्हते ते बरेच. संगणकावर तक्ते मांडायचा जो प्रोग्रॅम कचेऱ्यांतून सर्रास वापरतात, त्याच्या चौकटीत आपली संख्या टाइप करा. १२३४५६७८९८७६५४३०० अशी ती ठेवली जाते. शेवटचे २१ गेले, दोन शून्ये आली, कारण तिथे संख्येचे पंधराच अंक धरून ठेवले जातात. बँकेच्या कार्डाचा सोळा अंकी क्रमांक तिथे साधी संख्या म्हणून टाइप केला, तर शेवटचा अंक शून्य होतो. म्हणून असे क्रमांक अक्षरे म्हणून लिहायला सांगतात. यंत्र खोटे बोलत नाही, पण त्याला दिलेल्या घरांपलीकडचे ते पाहत नाही. आपली आई-लेक त्या चौकटीत टाकली असती, तर आईचे शेवटचे अंक २०० आणि लेकीचे ३०० झाले असते, दोघींत शंभराचे अंतर पडले असते आणि नाते तुटले असते.

आता तो नेहमीचा प्रश्न. याचा उपयोग काय? कविता लिहिणाऱ्याला हा प्रश्न नवा नाही. आमच्याकडे उसाला पाण्याची पाळी कधी, हे विचारणे समजते. पण 'तुमच्या कवितेने काय होते' हे विचारणाराही तितक्याच गंभीरपणे विचारतो. कापरेकरांनाही तेच ऐकावे लागले. देशातल्या अनेक गणितज्ञांना त्यांचे काम पोरखेळ वाटे, काही हसतही. ते स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापत राहिले. १९६६ मध्ये पत्नी गेल्यावर पेन्शन पुरेना, म्हणून शिकवण्या घेतल्या. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिले, तेव्हा जगाला देवळालीचा हा मास्तर कळला. १९८६ मध्ये ते गेले.

उपयोगाचे म्हणाल, तर मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याचा धंदाही एके काळी निव्वळ शौक समजला जाई. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी त्यातून कुलूप तयार केले. शेकडो अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार चटकन करता येतो, पण गुणाकारावरून त्या दोन संख्या शोधणे महाकठीण, एवढ्यावर ते कुलूप उभे आहे. इंटरनेटवरचे बरेच गुप्त व्यवहार अशा कुलपांमागे चालत आले. आपल्या डोंगराचे तसे कुलूप होणार नाही. त्याची ठेवणच इतकी उघडी की शाळकरी पोराने त्याचे अवयव पाडावेत. पण मोठी संख्या ठेवणीवरून ओळखावी, हे त्या कुलपाचे आणि या डोंगराचे गणित एकच.

तरी मला यातला उपयोग वेगळा वाटतो. आमच्या घरात आकडे लहानपणापासून आदराने आले. फार्सी-अरबी परंपरेत प्रत्येक अक्षराला एक किंमत असते. शायर एखाद्या ओळीतल्या अक्षरांची बेरीज करून त्यात घटनेचे साल गुंफतात. त्याच हिशेबाने 'बिस्मिल्लाह'च्या पूर्ण वाक्याची बेरीज ७८६ होते, म्हणून तो आकडा दारावर, पत्रावर, गाडीवर दिसतो. मीही त्याला मान देतो. पण हा मान वाक्याचा आहे. संख्या म्हणून ७८६ पाहा: अंकांची बेरीज २१, आणि २१ ने ७८६ ला भाग जात नाही. हर्षद नाही. म्हणून माझ्या श्रद्धेत काही उणे होत नाही आणि गणितात काही भर पडत नाही. दोन्ही आपापल्या जागी. घोटाळा होतो तो त्या जागांची अदलाबदल झाली की. गाडीच्या लकी नंबरासाठी जादा फी भरणारे, नावातले एक अक्षर वाढवून नशीब पालटणारे, अमुक आकडा घराला अशुभ म्हणणारे सगळ्या धर्मांत भेटतात. ते संख्येचा जो गुण सांगतात तो कुणीतरी सांगितलेला असतो. तो पडताळायची सोय नसते, नुसता मानायचा असतो.

कापरेकरांच्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता, हे मी मघाशी सांगितले. मुलाने त्यातली आकडेमोड घेतली, आणि जे गुण कागदावर पुरे करून दाखवता येतील तेवढेच संख्येला लावले. त्याच घरातून त्याच आकड्यांची ही दुसरी वाट निघाली. या वाटेवर कुणाला कुणाची परवानगी लागत नाही. मुसलमान असून मराठीत कसे लिहिता, असे मला आजवर अनेकांनी कौतुकाने विचारले आहे, जणू भाषा कुणाच्या नावावरच्या सातबाऱ्यात लिहिलेली असावी. संख्येने असे कधी विचारले नाही. २४० मधून ८१ गेले की १५९ उरतात, हे लासुर्ण्यात खरे, देवळालीत खरे आणि बगदादमध्येही खरे. माझी पदवी कोणती, कापरेकरांची कोणती, याने त्या वजाबाकीत काही फरक पडत नाही.

आपल्यावर रोज मोठमोठे आकडे येऊन आदळतात. इतके हजार कोटी, इतके लाख कोटी. वाचणारा दबतो आणि पान उलटतो. मोठा आकडा सांगणाऱ्याला अनेकदा तेच हवे असते. मुलेही शाळेत गणिताला अशीच दबतात. संख्या लांब दिसली की वही मिटतात. त्यांना आपली ही सतरा अंकी दाखवा. तिची लांबी पाहून भ्यायचे नाही. कुठली, कुणाची, कशी घडली, एवढे विचारायचे. ती सगळे सांगते, काही लपवत नाही. कारखान्याची पावती असो की सरकारचा अर्थसंकल्प, त्या आकड्यालाही हेच प्रश्न विचारायची सवय लागली, तर कापरेकरांच्या खेळाचा याहून मोठा उपयोग मी मागणार नाही.

कागद-पेन्सिल काढलीच आहे, तर एक काम तुमच्यावर सोपवतो. आई, लेक आणि नात, तिघी हर्षद निघाल्या. नातीचा शेवट ४०२. तिच्यात ८१ मिळवा म्हणजे पणती येईल. तिच्या अंकांची बेरीज करा आणि ती हर्षद आहे का, ते पाहा. मोठा भागाकार करू नका. तिचा शेवटचा अंक पाहिला तरी उत्तर मिळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)